ध्वनीचा वेग काढताना या चुका टाळा

भौतिकशास्त्राच्या प्रात्यक्षिकाच्या वह्या तपासताना 332 मीटर प्रति सेकंद हा आकडा दिसला की मी आधी पानाच्या वरच्या कोपऱ्यात तापमानाची नोंद शोधतो, आणि बहुतेक वेळा ती नसते. 332 हा कोरड्या हवेतला, 0 अंश सेल्सिअसचा वेग आहे. पुण्यात ऐन जानेवारीच्या पहाटेही पारा तिथवर उतरत नाही, तरीही उन्हाळ्यात केलेल्या प्रयोगाचे उत्तर विद्यार्थी याच आकड्याशी पडताळून पाहतात आणि जुळले की निर्धास्त होतात.

या जुळण्यातच किती धोका असतो, हे शहरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मार्चअखेरच्या सरावात स्पष्ट दिसले. प्रयोगशाळेवर पत्र्याचे छत होते आणि अनुनाद नळीतल्या हवेचे तापमान 36 अंश होते. नळीचा आतला व्यास 3 सेंटिमीटर आणि नादकाट्याची वारंवारता 512 हर्ट्झ होती. पाणी हळूहळू खाली नेताना 16.3 सेंटिमीटरवर आवाज एकदम घुमला, म्हणजे पहिला अनुनाद मिळाला. एका गटाने तेवढे एकच वाचन घेतले, त्याला वारंवारतेच्या चौपटीने गुणले आणि 334 हे उत्तर काढले. पुस्तकातल्या आकड्याशी फरक जेमतेम अर्धा टक्का होता. शेजारच्या गटाने मात्र दुसरा अनुनादही शोधला होता, तो 50.7 सेंटिमीटरवर मिळाला. दोन लांबींतल्या फरकाला वारंवारतेच्या दुपटीने गुणल्यावर त्यांचे उत्तर 352 आले, आणि आपलेच काहीतरी चुकले असे समजून ते खाडाखोड करू लागले होते.

वास्तविक त्यांचेच उत्तर बरोबर होते, कारण 36 अंशांना हवेतला वेग 352 च्या आसपासच असतो. पहिल्या गटाच्या हातून दोन चुका झाल्या होत्या आणि त्यांनी एकमेकींना झाकले होते. नळीतला हवेचा स्तंभ नळीच्या तोंडाशी संपत नाही, तो व्यासाच्या सुमारे 0.3 पट, म्हणजे इथे 0.9 सेंटिमीटर, वर गेलेला असतो. हे एंड करेक्शन सोडल्यामुळे उत्तर अठरा मीटरने कमी आले, आणि तापमान न पाहिल्यामुळे ज्या आकड्याशी तुलना केली तोही वीस मीटरने कमीच होता. दोन वाचनांची वजाबाकी केली की एंड करेक्शन आपोआप निघून जाते, म्हणून दुसरा अनुनाद न शोधता पुढे जाणाऱ्याची वही मी परत करतो. माझी स्वतःची सवय अशी, की नादकाट्याला हात लावण्याआधी थर्मामीटर दोऱ्याने नळीत सोडून ठेवायचा, आणि प्रत्येक जागा पाणी उतरवताना एकदा आणि चढवताना एकदा टिपायची. याला दहा मिनिटे जास्त लागतात. ज्यांना तेवढा धीर नाही, त्यांनी निदान मित्राच्या वहीतली वाचने मोबाइलवर मागवू नयेत.

वेगाच्या सूत्रात वर्गमुळाखाली गॅमा (वायूच्या स्थिर दाबाच्या आणि स्थिर आकारमानाच्या विशिष्ट उष्णतांचे गुणोत्तर), वायू स्थिरांक व तापमान यांचा गुणाकार आणि छेदात मोलर वस्तुमान असते. तापमान नेहमी केल्विनमध्येच घालावे. मोलर वस्तुमान किलोग्रॅममध्ये घ्यावे, कारण हवेसाठी 0.029 ऐवजी 29 लिहिले की 27 अंशांना वेग 11 मीटर प्रति सेकंद येतो, म्हणजे कर्वे रस्त्यावरच्या स्कूटरइतका, आणि असे उत्तर लिहूनही पान उलटणारे विद्यार्थी मी दरवर्षी पाहतो. दर अंशाला 0.6 मीटर वाढ हा नियम रोजच्या हवामानापुरताच वापरावा. 500 अंशांच्या भट्टीला तो लावला तर 630 च्या वर आकडा येतो, वर्गमुळाचे सूत्र मात्र 557 सांगते.

सिंहगडावर हवेचा दाब कमी, म्हणून तिथे आवाज सावकाश जातो, हे विधानही सोडून द्यावे. दाब कमी होतो तशी घनताही त्याच प्रमाणात कमी होते आणि वेग ज्यावर ठरतो ते दोहोंचे गुणोत्तर तेच राहते. गडावर वेग थोडा कमी भरतो, तो तिथली हवा गार असल्यामुळे.

वायू बदलला की सगळे जण वस्तुमान बदलतात, पण गॅमा 1.4 च ठेवतात. अरगॉनचे मोलर वस्तुमान 40 आणि कार्बन डायऑक्साइडचे 44. एवढ्याच फरकाने वेगात पाच टक्के अंतर पडायला हवे. प्रत्यक्षात 0 अंशाला अरगॉनमध्ये 308 आणि कार्बन डायऑक्साइडमध्ये 259 मीटर वेग असतो, कारण एका अणूच्या अरगॉनचा गॅमा 1.67 आहे, तर तीन अणूंच्या कार्बन डायऑक्साइडचा 1.30. ध्वनीच्या दाबाने वायू क्षणभर तापतो आणि ती उष्णता बाहेर जायला वेळ मिळत नाही, म्हणून सूत्रात गॅमा येतो. न्यूटनने तापमान स्थिर राहते असे धरले होते, त्या हिशेबाने हवेतला वेग 280 च भरतो. ही उणीव फ्रेंच गणिती लाप्लासने दूर केली. हा भाग वगळून सूत्र पाठ करणाऱ्यांची गॅमापाशी हमखास फसगत होते.

अभियांत्रिकीच्या प्रकल्पांत तापमान न पाहण्याची चूक गच्चीवरच्या टाकीत दिसते. प्रतिध्वनी परत यायला लागणाऱ्या वेळेवरून पाण्याची पातळी मोजणाऱ्या अल्ट्रासॉनिक सेन्सरच्या प्रोग्रॅममध्ये वेग 343 असा कायमचा लिहिलेला असतो. मे महिन्याच्या दुपारी टाकीतली हवा 45 अंशांवर गेली की खरा वेग 357 च्या पुढे जातो आणि एक मीटरचे अंतर 96 सेंटिमीटर दिसते. हिवाळ्यात पहाटे 10 अंशांना तेच अंतर 102 च्या जवळ जाते. नळ न उघडता पातळी हलताना दिसली की मुले सेन्सर बदलतात, वायरी बदलतात, वाचनांची सरासरी काढतात, आणि सरासरीने हा दोष तसूभरही कमी होत नाही. डीएस18बी20 सारखा स्वस्त तापमापक जोडून प्रत्येक वाचनाला वेग नव्याने काढावा, आणि तो तापमापक झाकणाच्या आतल्या बाजूला, पाण्याच्या वर लोंबता ठेवावा; सर्किटच्या डब्यात बसवला तर तो डब्यातलीच हवा मोजत राहतो.