राइडिंग बूट घेताना या चुका टाळा

दुकानात चार पावले चालून पाहिली, बरे वाटले, म्हणून बूट घेतला. बहुतेकांची खरेदी अशीच होते आणि पहिल्या लांबच्या प्रवासात शंभर-दीडशे किलोमीटरनंतर पाय दुखू लागतात. चालताना बूट चवड्यापाशी वाकतो. गाडीवर मात्र पाय घोट्यात दुमडून फूटरेस्टवर तासन्‌तास तसाच राहतो. डाव्या पायाची बोटे पुन्हा पुन्हा गिअरखाली जातात, उजवा पाय ब्रेकवर टेकलेला असतो. राइडिंग बूट या बैठकीत तपासायला हवा. पुढच्या बऱ्याच चुका ही तपासणी राहून गेल्यामुळे होतात.

सेफ्टी शूज किंवा ट्रेकिंगच्या बुटांवर भागवणे

गाडी आडवी होते तेव्हा पाय गाडी आणि रस्ता यांच्यामध्ये सापडतो. गाडीचे वजन दोनशे किलोच्या आसपास असेल तर तळवा दोन्ही बाजूंनी दाबला जातो, घोटा पिळवटतो आणि बाहेरच्या बाजूचे हाड डांबरावर घासत जाते. कारखान्यात वापरायचे सेफ्टी शूज यासाठी बनवलेले नसतात. आयएस १५२९८ (भारतीय) किंवा आयएसओ २०३४५ (आंतरराष्ट्रीय) या मानकांनुसार प्रमाणित सेफ्टी शूजमधली बोटांवरची टोपी २०० ज्यूलचा आघात झेलते, पण तो वरून पडणाऱ्या वस्तूचा. सोल बाजूने किती दाबला जाईल याची तिथे काळजी घेतलेली नसते. शिवाय ती टोपी इतकी फुगीर असते की गिअरच्या दांडीखाली बोटे सहज जात नाहीत.

ट्रेकिंगच्या बुटाचा सोल चढणीला वाकावा म्हणून लवचिक ठेवलेला असतो. घोट्याभोवती गादी असली तरी कडक कवच नसते, आणि नाडी अडकवायचे धातूचे हूक फूटरेस्टमध्ये अडकतात. सँडल किंवा कापडी बुटापेक्षा ते नक्कीच बरे, पण रोजच्या शहरी वापरापुरतेच. घाटात किंवा महामार्गावर त्यांच्यावर विसंबू नका.

आतले लेबल न वाचणे

मोटरसायकलच्या बुटांचे युरोपीय मानक ईएन १३६३४ आहे. २०१७ च्या आवृत्तीप्रमाणे प्रमाणित बुटाच्या आत शिवलेल्या किंवा छापलेल्या लेबलवर मोटरसायकलस्वाराचे चित्र असते आणि त्यासोबत चार आकडे. प्रत्येक आकडा १ किंवा २ असतो. पहिला बुटाची उंची सांगतो. दुसरा घासण्याला होणारा विरोध, तिसरा कापले जाण्याला होणारा विरोध आणि चौथा आडव्या दाबाला सोल किती ताठ राहतो ते. २ म्हणजे वरची पातळी. शहरासाठी घोट्यापर्यंतचा बूट घेताना पहिला आकडा १ असला तरी हरकत नाही. चौथा शक्यतो २ असावा, कारण पाय गाडीखाली सापडल्यावर तोच कामाला येतो.

आकड्यांखाली अक्षरेही असतात. आयपीए म्हणजे घोट्यावरच्या कवचाची चाचणी झाली आहे, आयपीएस म्हणजे नडगीवरच्या कवचाची, डब्ल्यूआर म्हणजे पाणी रोखण्याची, एफओ म्हणजे सोल पेट्रोल-तेलाला टिकतो. या चाचण्या ऐच्छिक आहेत. म्हणून ‘सीई (युरोपीय प्रमाणनाची खूण) आहे’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका. घोट्याच्या कवचाची खात्री हवी असेल तर आयपीए ही अक्षरे स्वतः शोधा.

लेबल नसेल तर हातानेच पारख करा. एका हाताने टाच आणि दुसऱ्या हाताने बुटाचे टोक धरून ओला टॉवेल पिळतात तसे पिळा. सोल सहज पिळला गेला तर बूट परत ठेवा. मग चवड्याच्या सर्वांत रुंद भागात सोलच्या दोन्ही कडा तळहातांनी दाबा. मधोमध घडी पडता कामा नये. टाचेमागचा भाग अंगठ्याने दाबला तर आत जाऊ नये. घोट्याच्या दोन्ही हाडांवर, आतून आणि बाहेरून, कडक वाटी बोटांना लागली पाहिजे. कित्येक स्वस्त बुटांत ती फक्त बाहेरच्या बाजूला असते.

मापात चूक

सर्वाधिक बूट परत जातात ते मापामुळे, आणि यात आकड्यांचा गोंधळ मोठा असतो. भारतात बहुधा यूके माप चालते. त्याची एक पायरी सुमारे साडेआठ मिलिमीटरची, तर युरोपीय मापाची पायरी पावणेसात मिलिमीटरच्या जवळपास. त्यामुळे दोन्ही मापे तंतोतंत जुळत नाहीत आणि ‘४२ म्हणजे ८’ हे समीकरण कंपनीगणिक बदलते. ऑनलाइन मागवताना मिलिमीटरमधली पायाची लांबी हाच आधार धरा.

लांबी संध्याकाळी मोजा, कारण दिवसभरात पाय थोडा सुजलेला असतो. गाडीवर घालणार तेच मोजे घाला. भिंतीला लागून कागद ठेवा, टाच भिंतीला टेकवा, दोन्ही पायांवर सारखे वजन द्या आणि सर्वांत लांब बोटासमोर पेन्सिल सरळ उभी धरून खूण करा. काहींचे अंगठ्याशेजारचे बोट लांब असते, तेव्हा खूण त्यासमोर हवी. दोन्ही पाय मोजा आणि मोठ्या पायाप्रमाणे बूट घ्या. चवड्याची रुंदीही मोजा. लहानपणापासून अनवाणी किंवा चपलेत वावरलेल्यांचा चवडा बहुधा पसरट असतो आणि इटालियन साच्यावरचे स्पोर्ट बूट तिथे आवळतात. मग लोक एक माप मोठे घेतात. चवडा मोकळा होतो, पण टाच उचलली जाऊ लागते आणि घोट्याची वाटी हाडाच्या जागेवरून सरकते. अशा वेळी रुंद साच्याचा दुसरा बूट शोधणे हाच उपाय.

उभे राहिल्यावर बोटांपुढे साधारण एक सेंटिमीटर जागा असावी. चालताना टाच जेमतेम उचलली जावी. चामडे वापराने रुंदीत थोडे सैल होते, लांबीत नाही. म्हणून बोटे टेकत असतील तर ‘रुळेल हळूहळू’ या दुकानदाराच्या बोलण्यावर जाऊ नका.

त्यानंतर खरी तपासणी. रायडिंग पँट आणि गुडघ्याचे आर्मर घालूनच दुकानात जा, कारण आर्मरचे खालचे टोक आणि बुटाचा वरचा काठ एकमेकांवर चढले तर पोटरीची चेन लागत नाही. गाडीवर बसा, दहा मिनिटे पाय फूटरेस्टवर ठेवा, वीसेक वेळा गिअर वर-खाली करा, मग दोन्ही पाय जमिनीवर टेकवा. जाड सोलमुळे उंची वाढते, हा आखूड पायांच्या चालकांना मिळणारा फायदा. पण त्याच जाडीमुळे खालच्या दांडीचा अंदाज बोटांना येत नाही.

बूट बदलला, गिअर आणि ब्रेक तसेच ठेवले

नव्या बुटाला दोष देण्याआधी गाडीकडे पाहा. डाव्या अंगठ्याच्या वर दुखत असेल तर दांडी खाली आहे. दांडी थेट दातेरी शाफ्टवर बसत असेल तर तिचा बोल्ट पूर्ण काढा, शाफ्टवर खूण करा आणि दांडी एक दाता वर बसवा. एका दात्यानेही टोक बरेच वर येते. मधे सळई असेल तर दोन्ही टोकांचे लॉकनट सैल करून सळई फिरवा. एका टोकाला बहुधा उलटे आटे असतात, तिथे जोर लावू नका. दोन्हीकडे पुरेसे आटे आत राहिलेत ना ते पाहून नट घट्ट करा.

उजवीकडे चूक जास्त महाग पडते. जाड सोलचे टोक नकळत ब्रेकवर टेकून राहते, मागचा दिवा सतत पेटतो, पॅड तापून झिजतात. पेडल थोडे खाली घ्या, मोकळी हालचाल कंपनीने सांगितल्याएवढी ठेवा आणि गाडी मेन स्टँडवर घेऊन मागचे चाक हाताने मोकळे फिरते का ते बघा. ब्रेक लाइटचा स्विचही त्यानुसार जुळवावा लागतो.

पावसाळ्याबद्दलचे गैरसमज

ताम्हिणी किंवा आंबोलीच्या पावसात वॉटरप्रूफ बूट आतून भिजला की लोक बुटाला नावे ठेवतात. बहुतेकदा पाणी वरून आलेले असते: पँटवरून ओघळून थेट बुटाच्या तोंडात. रेनपँटचा पाय बुटाच्या बाहेर हवा आणि बसल्यावरही तो काठाच्या खाली उतरलेला हवा. खात्रीसाठी बुटात कोरडा कागद कोंबा आणि चेन सुरू होते त्याच्या खालपर्यंत बादलीतल्या पाण्यात वीस मिनिटे उभा ठेवा. कागद ओला निघाला तर आतला पडदा (पाणी रोखणारा पातळ थर) किंवा शिवण गेली आहे. असा बूट दुरुस्तीला दिल्यावर सोलला आरपार टाके घालू देऊ नका. प्रत्येक टाका पडद्याला भोक पाडतो. सोल चिकटवून दाबून घ्या.

बुटावर प्लॅस्टिकचे कव्हर चढवले तर त्याचा तळ ओल्या फूटरेस्टवर आणि शेवाळावर घसरतो. सैल गमबूट पडल्यावर पायातून निघून जातो. साध्या बुटात पायमोज्यावर प्लॅस्टिकची पिशवी घालणे त्यापेक्षा बरे.

भिजलेला बूट उन्हात, सायलेन्सरजवळ किंवा हीटरसमोर वाळवू नका. चामडे तडकते, डिंक सुटतो. इनसोल काढा, वर्तमानपत्र कोंबा, दर दोन-तीन तासांनी बदला आणि पंख्याखाली ठेवा. कोकणात तर बंद पिशवीत ठेवलेल्या बुटाला आठवड्याभरात बुरशी येते. चामड्याला बुटाचे मेण लावा. खोबरेल तेलाने ते मऊ पडते आणि आकार सोडते.

दुखते कुठे, त्यावरून कारण

टाचेला फोड: टाच सैल आहे, घोट्यावरचा पट्टा घट्ट करा. नडगीवर पुढून वळ: वरचे बकल जास्त आवळले आहे किंवा पँटची घडी आत गेली आहे. बोटे बधिर: दोन जोड मोजे घातले असतील तर एक काढा, थंडीत आवळलेल्या बुटात रक्त फिरत नाही आणि पाय उलट जास्त गार पडतात. तळव्याला घाम आणि चिकटपणा: सुती मोजे ओलावा धरून ठेवतात, त्याऐवजी लोकरमिश्रित किंवा सिंथेटिक, बुटाच्या काठाच्या वर येणारे मोजे घाला. नवा बूट असेल तर घरात रोज तासभर, मग तीन-चारशे किलोमीटर छोट्या फेऱ्यांत वापरा. लेहच्या प्रवासाच्या पहिल्या दिवशी नवा बूट पहिल्यांदाच घालू नका. नाडीचे बूट असतील तर गाठीचे टोक आत खोचा. डाव्या पायाची नाडी गिअरमध्ये अडकली तर सिग्नलला पाय खाली येत नाही.

सवलतीतला जुना साठा

पॉलियुरेथेनचा सोल न वापरताही दमट हवेने आतून कुजतो. चार-पाच वर्षे पडून राहिलेला बूट दिसायला कोरा असतो आणि पहिल्याच प्रवासात सोलचे तुकडे पडतात. उत्पादनाची तारीख बघा, सोलच्या कडेला नख रोवा. भुगा निघाला किंवा बारीक भेगा दिसल्या तर सवलत कितीही असो, घेऊ नका. वाटेतच सोल सुटला तर चवड्याच्या मागून कमानीवरून कापडी टेप तीन-चार फेरे घट्ट गुंडाळा आणि वरून दोन झिप टाय लावा. फूटरेस्टवर टेकणारा आणि जमिनीला लागणारा पुढचा भाग मोकळा ठेवा, नाहीतर टेपवरून पाय घसरतो.