संदर्भ सॉफ्टवेअरमध्ये कसे घ्यावेत: चार वाटा आणि त्यांवरचे खड्डे

संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरला स्वतःला पुस्तकातले काही कळत नाही. बटण दाबल्यावर लेखकाचे नाव, वर्ष, पृष्ठे असे जे काही भरून येते, ते त्याने कुठून तरी मागवून आणलेले असते. तिथे माहिती जशी असेल तशीच ती तुमच्या संग्रहात येऊन बसते. म्हणून नोंद चुकीची आली की आधी ती कुठून आली ते पाहावे. बहुतेक वेळा चुकीचे कारण तिथेच सापडते.

पुढची कृती झोटेरो धरून दिली आहे. हे सॉफ्टवेअर मोफत आणि मुक्त-स्रोत असून जॉर्ज मेसन विद्यापीठात २००६ मध्ये सुरू झाले. मेंडले किंवा एंडनोट वापरत असाल तर बटणांची नावे बदलतील, वाटा याच राहतील. सुरुवातीला दोन गोष्टी बसवून घ्या: संगणकावरचे मुख्य ॲप आणि ब्राउझरमधले 'कनेक्टर' हे एक्स्टेन्शन. संदर्भ गोळा करताना ॲप उघडे असू द्या. ज्या कलेक्शनमध्ये (म्हणजे संग्रहातल्या फोल्डरमध्ये) नोंद हवी ते डावीकडे आधीच निवडून ठेवा, कारण नवी नोंद तिथेच जाते.

ओळख क्रमांकावरून

हाताशी क्रमांक असेल तर पहिली पसंती याच वाटेला द्या. ॲपच्या वरच्या पट्टीत जादूच्या कांडीचे चिन्ह आहे. त्यावर क्लिक करा, क्रमांक पेस्ट करा, एंटर दाबा. पुस्तकाचा ओळख क्रमांक आयएसबीएन, लेखाचा ओळख क्रमांक डीओआय, पबमेड या वैद्यकीय लेखांच्या डेटाबेसचा पीएमआयडी, अर्काइव्ह (arXiv) या प्रकाशनपूर्व लेखांच्या साठ्याचा क्रमांक, सगळे चालते. एकदम वीस-पंचवीस घालायचे असतील तर त्या चौकटीत शिफ्ट धरून एंटर दाबा. चौकट मोठी होते आणि एका ओळीवर एक असे क्रमांक देता येतात.

डीओआय नेहमी १० आणि टिंबाने सुरू होतो. पीडीएफमधून कॉपी करताना वाक्याच्या शेवटचा पूर्णविराम किंवा कंस त्याला चिकटून येतो, किंवा ओळ तुटल्यामुळे मध्ये मोकळी जागा शिरते. 'सापडले नाही' असा निरोप आला तर आधी हेच तपासा. डीओआयची माहिती बहुतेक वेळा डीओआय नोंदवणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेकडून येते आणि तिथे ती प्रकाशकानेच भरलेली असते. त्यामुळे ही वाट सर्वांत भरवशाची आहे, पण निर्दोष नाही. प्रकाशकाने इंग्रजी शीर्षक सगळे मोठ्या लिपीत भरले असेल तर तुमच्याकडेही ते तसेच ओरडत येईल.

आयएसबीएनची माहिती ग्रंथालयांच्या कॅटलॉगमधून येते. १ जानेवारी २००७ पासून हा क्रमांक १३ अंकी झाला. त्याआधीच्या पुस्तकांवर १० अंकी दिसेल, तोही चालतो. लक्षात ठेवायचे ते असे की आयएसबीएन आख्ख्या पुस्तकाचा असतो. संपादित ग्रंथातला एकच लेख उद्धृत करायचा असेल तर आधी पुस्तक घ्या, मग त्या नोंदीवर उजवे क्लिक करून 'क्रिएट बुक सेक्शन' निवडा. नव्या नोंदीत प्रकरणाचे शीर्षक, त्याचा लेखक आणि पृष्ठे भरा. हे केले नाही तर संदर्भसूचीत लेखकाच्या जागी संपादक येतो.

ब्राउझरमधून

लेखाचे किंवा पुस्तकाचे पान उघडा आणि पत्तापट्टीजवळचे कनेक्टरचे चिन्ह नीट बघा. पान कशाचे आहे असे कनेक्टरला वाटते, ते या चिन्हावरून कळते. कागद दिसला तर लेख, पुस्तक दिसले तर पुस्तक. फोल्डर दिसला तर पानावर अनेक नोंदी आहेत. क्लिक केल्यावर यादी येईल, हव्या त्यांवर खूण करा. करड्या रंगाचे साधे पान दिसले तर संदर्भाची माहिती काही सापडलेली नाही. तरीही दाबले तर शीर्षक, पत्ता आणि पाहिल्याची तारीख एवढीच 'वेब पेज' म्हणून नोंद होईल.

करडे चिन्ह दिसले की दोन गोष्टी करून बघा. पान पूर्ण उघडेपर्यंत थांबा, आणि तुम्ही थेट पीडीएफवर तर नाही ना हे पाहा. पीडीएफ उघडून तिथून जतन करण्यापेक्षा लेखाच्या सारांशाच्या पानावरून जतन करणे केव्हाही बरे. तिथे माहिती व्यवस्थित मांडलेली असते आणि पीडीएफ मिळत असेल तर ती सोबतच येते.

गूगल स्कॉलरच्या निकालांतून थेट नोंदी घेणे सोयीचे वाटते, पण त्या अर्धवट असतात: डीओआय नसतो, नियतकालिकाचे नाव तुटके असते. स्कॉलर शोधण्यासाठी वापरा, आणि नोंद मूळ प्रकाशकाच्या पानावरून घ्या.

साठलेल्या पीडीएफमधून

फोल्डरमधल्या पीडीएफ उचलून ॲपमध्ये सोडल्या की सॉफ्टवेअर पहिली काही पाने वाचते, त्यावरून लेख ओळखते आणि नोंद तयार करते. फाइलचे नावही लेखक-वर्ष-शीर्षक असे बदलते. नव्या जर्नल-लेखांसाठी हे उत्तम चालते. जुने लेख, अहवाल आणि सुटी प्रकरणे यांत ते अडखळते.

स्कॅन केलेली फाइल असेल तर काहीच होत नाही, कारण तिच्यात अक्षरे नसून अक्षरांचे फोटो असतात. माऊसने एखादी ओळ निवडून पाहा. निवडता आली नाही तर फाइलवर आधी ओसीआर करावे लागेल, म्हणजे फोटोतली अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर बनवावा लागेल. त्यापेक्षा डोळ्यांनी डीओआय वाचून कांडीत घालणे आणि तयार झालेल्या नोंदीवर ती पीडीएफ ओढून सोडणे लवकर उरकते.

फाइल आयात करून

डेटाबेसमधून शेकडो निकाल आणायचे असतील किंवा दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून संग्रह हलवायचा असेल, तर ही वाट. सगळ्यांत जास्त गोंधळही इथेच होतो, म्हणून क्रमाने जा.

१. डेटाबेसमध्ये 'एक्सपोर्ट' किंवा 'साइट' (Cite) शोधा आणि आरआयएस (RIS) हे संदर्भांच्या फाइलचे स्वरूप निवडा. पबमेडमध्ये 'सेंड टू' खाली 'सायटेशन मॅनेजर' आहे. लाटेक (LaTeX) ही दस्तऐवज-जुळणीची प्रणाली वापरणाऱ्यांकडून आलेली फाइल बहुधा बिबटेक (BibTeX) स्वरूपात असते. आरआयएस आणि बिबटेक दोन्ही चालतात.

२. सारांश हवा असेल तर निर्यात करतानाच ती खूण करा. नंतर तो एकेका नोंदीत भरत बसावे लागते.

३. झोटेरोत 'फाइल' मेनूतून 'इम्पोर्ट' उघडा, किंवा कंट्रोल-शिफ्ट-आय दाबा.

४. आयात केलेल्या नोंदी नव्या कलेक्शनमध्ये ठेवण्याचा पर्याय चालू असू द्या. फाइल बिघडलेली निघाली तर ते कलेक्शन आतल्या नोंदींसकट एका फटक्यात काढता येते. हा पर्याय बंद ठेवलात तर चारशे नव्या नोंदी जुन्या हजारांत मिसळतात आणि त्या निवडून काढणे हा वेगळाच उद्योग होऊन बसतो.

५. मोठी फाइल असेल तर आधी पाच-दहा नोंदींची चाचणी घ्या.

काही वेळा आयात होते, पण नोंदी कमी येतात. आरआयएस ही साधी मजकूर-फाइल आहे: प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला दोन अक्षरी खूण, मग दोन मोकळ्या जागा, मग आडवी रेघ. प्रत्येक नोंद 'ईआर' या खुणेच्या ओळीने संपते. हाताने कापाकापी करताना ती ओळ गेली की दोन नोंदी एकमेकींत घुसतात. बिबटेकमध्ये हाच प्रकार न मिटलेल्या महिरपी कंसामुळे होतो.

देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हे किंवा विचित्र अक्षरे दिसली तर गुन्हेगार एन्कोडिंग, म्हणजे फाइलमध्ये अक्षरे साठवण्याची पद्धत आहे. अक्षरे नुसती विचित्र दिसत असतील तर फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून 'सेव्ह ॲज' करताना यूटीएफ-८ निवडा आणि पुन्हा आयात करा. एडिटरमध्येही प्रश्नचिन्हेच दिसत असतील तर मूळ अक्षरे निर्यातीतच गेलेली आहेत. ती पुन्हा डेटाबेसमधूनच आणावी लागतील.

मेंडलेतून येणाऱ्यांसाठी आयातीच्या खिडकीत स्वतंत्र ऑनलाइन पर्याय आहे. मेंडलेची संगणकावरची माहिती १.१९ आवृत्तीपासून सांकेतिक केली गेल्यामुळे ती थेट वाचता येत नाही. आधी मेंडलेत सिंक पूर्ण होऊ द्या, फाइलींसकट. जे सर्व्हरवर चढलेले नाही ते येणार नाही.

नोंद आली की अर्धा मिनिट

मूळ लेख डोळ्यांसमोर असतानाच ही तपासणी करा. सहा महिन्यांनी तीच चूक दुरुस्त करायला लेख पुन्हा शोधावा लागतो.

आधी प्रकार बघा: वृत्तपत्रातला लेख 'वेब पेज' म्हणून आला असेल तर वृत्तपत्राचे नाव सूचीत जागेवर येत नाही. मग नावे. संस्था लेखक असेल तर हमखास चूक होते. 'जागतिक आरोग्य संघटना' हे नाव दोन कप्प्यांत पडले तर सॉफ्टवेअर 'संघटना' हे आडनाव समजते आणि सूचीत 'संघटना, जा. आ.' छापते. नावाच्या शेजारच्या छोट्या बटणाने दोन कप्पे एक करा. आडनाव आणि नाव उलटे पडले असेल तर उजव्या क्लिकमध्ये अदलाबदलीचा पर्याय आहे.

एकाच लेखकाचे नाव सगळीकडे एकसारखे ठेवा. एका नोंदीत 'एस. जोशी' आणि दुसरीत 'सुनीता जोशी' असेल तर सॉफ्टवेअरला त्या दोन व्यक्ती वाटतात. मग संदर्भ छापण्याच्या काही शैलींत मजकुरातल्या कंसांत आडनावापुढे अचानक आद्याक्षरे उगवतात, आणि शैलीच बिघडली असे वाटून लोक तासन्‌तास सेटिंग धुंडाळतात.

तारीख वर्ष-महिना-दिवस अशी लिहा. ०३-०५-२०२१ म्हणजे मार्च की मे, हे यंत्राने ओळखायची अपेक्षा करू नका. आवृत्तीच्या कप्प्यात फक्त आकडा हवा, नाहीतर 'आवृत्ती' हा शब्द दोनदा छापला जातो. इंग्रजी शीर्षके साध्या वाक्यासारखी ठेवा: पहिले अक्षर आणि विशेषनामे मोठी, बाकी लहान. शैलीला गरज असेल तर ती प्रत्येक शब्द मोठा करू शकते. उलटे मात्र तिला जमत नाही, कारण विशेषनाम कोणते हे तिला माहीत नसते. शीर्षकावर उजवे क्लिक करून 'सेंटेन्स केस' निवडा आणि विशेषनामे हाताने पुन्हा मोठी करा.

दुबार नोंदी

तीच फाइल दोनदा आयात केली तर सगळ्या नोंदी दोनदा येतात. डावीकडच्या 'डुप्लिकेट आयटम्स'मध्ये शीर्षक, डीओआय, आयएसबीएन वगैरेंवरून संशयित जोड्या दिसतात. जोडी निवडून 'मर्ज' करा, त्यातली एक डिलीट करू नका. लेखनात आधीच उद्धृत केलेली नोंद नेमकी तीच निघाली तर मजकुरातल्या उल्लेखाचा दुवा तुटतो. मर्ज केल्यास तो टिकतो. दोन्ही नोंदी वेगवेगळ्या ठिकाणी उद्धृत झाल्या असतील तर एकाच लेखाला '२०१९ए' आणि '२०१९बी' अशी शेपटे लागलेली दिसतात. ती दिसली की आधी दुबार नोंद शोधा.

मर्जचे बटण येत नसेल तर दोन्ही नोंदींचे प्रकार वेगळे आहेत, उदाहरणार्थ एक प्रीप्रिंट (प्रकाशनपूर्व लेख) आणि दुसरी जर्नल-लेख. एकीचा प्रकार बदलून मग जोडा. एरवी नको असलेल्या नोंदी कचरापेटीत जातात आणि सेटिंग बदलले नसेल तर ३० दिवसांनी कायमच्या पुसल्या जातात. नोंद फक्त एका कलेक्शनमधून काढायची असेल तर 'रिमूव्ह फ्रॉम कलेक्शन' वापरा. मुख्य संग्रहात ती तशीच राहते.