स्वस्तातला कार स्कॅनर घेताय? या चुका टाळा

दोन वर्षांपूर्वी जुलैत गगनबावड्याहून परत येताना कळ्याजवळ माझी गाडी थरथरायला लागली आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकू लागला. दिवा नुसता पेटला तर घरापर्यंत सावकाश येता येतं. लुकलुकत असेल तर एखाद्या सिलिंडरमधलं पेट्रोल न जळताच सायलेन्सरकडं चाललेलं असतं, आणि ते पुढं कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटलं की धूर साफ करणारा हा महागडा कन्व्हर्टर जळतो. अशा वेळी ॲक्सिलरेटर दाबू नका. शक्य असेल तर गाडी बाजूला घेऊन बंदच करा.

घरी आल्यावर नव्यानं घेतलेला स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषांचे कोड वाचणारं यंत्र, लावला. कोड आला पी०३०२, म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरचा मिसफायर. ओळखीच्या मेस्त्रींना फोन केला तर म्हणाले, "कॉईल गेली असणार भावा, बदलून टाक." बदलली. दुसऱ्या दिवशी शिरोली नाक्यापर्यंत जाईस्तोवर दिवा पुन्हा हजर.

कोड म्हणजे पार्टचं नाव, असं समजू नका

मी केली ती चूक हीच, आणि मला वाटतं सगळ्यात जास्त पैसे याच चुकीत जातात. "दोन नंबरला नीट जळत नाही" एवढंच कोड सांगतो. का जळत नाही, हे शोधायचं काम आपलं. कारण प्लगला ठिणगीचा करंट देणारी कॉईल असेल, प्लग असेल, पेट्रोल फवारणारा इंजेक्टर असेल, नाहीतर कॉम्प्रेशनच कमी असेल.

प्रत्येक प्लगवर वेगळी कॉईल असलेल्या इंजिनात एक फुकटची चाचणी करता येते. इंजिन गार होऊ द्या, चावी काढा, दोन आणि तीन नंबरच्या कॉईलची अदलाबदल करा. कोड पुसा आणि एक फेरी मारून या. आता पी०३०३ आला, तर दोष कॉईलबरोबर तिकडं गेला, म्हणजे कॉईलच खराब. पी०३०२ च राहिला, तर कॉईल चांगली आहे. मग प्लगची अदलाबदल करून तेच पुन्हा करा. मी हे नवीन कॉईल घेतल्यावर केलं. प्लग काढला तर त्याच्या पांढऱ्या चिनीमातीवर वरपासून खालपर्यंत केसाएवढी काळी रेघ होती. प्लगच्या खळग्यात पाणी उतरलं होतं आणि स्पार्क त्या ओल्या वाटेनं बाहेर पळत होता. नवा प्लग आणि कॉईलचं रबरी बूट बदललं, काम झालं.

दुसरं उदाहरण पी०१७१ चं. मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी, असा त्याचा अर्थ. पुष्कळ जण लगेच ऑक्सिजन सेन्सर बदलतात. तो सेन्सर बिचारा खरं सांगत असतो! हवा मोजणारा एअरफ्लो सेन्सर असलेल्या गाडीत तो सेन्सर आणि इंजिन यांच्यामधला पाईप फाटला, तर न मोजलेली हवा आत शिरते. फ्युएल पंप कमी पडत असला तरी हाच कोड येतो. यातला फरक लाईव्ह डेटामध्ये, म्हणजे इंजिन चालू असताना दिसणाऱ्या आकड्यांत, दिसतो. 'लाँग टर्म फ्युएल ट्रिम' म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय. हा आकडा साधारण उणे १० ते अधिक १० टक्क्यांच्या आत असावा. गाडी जागेवर आयडल असताना तो २० च्या वर आणि २५०० आरपीएमला जवळजवळ ठीक होत असेल, तर बाहेरून हवा शिरतेय. चढाला, जोर लावताना वाढत असेल, तर पेट्रोल कमी पोचतंय. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत मात्र एअरफ्लो मीटर नसतो, दाबावरून हवेचा अंदाज घेणारा मॅप सेन्सर असतो. तिथं अशी हवा शिरली तर कोड येण्याआधी आयडलच वाढलेलं दिसतं.

म्हणून घेताना एवढंच बघा: स्कॅनर लाईव्ह डेटा आणि फ्रीझ फ्रेम (दोष आला त्या क्षणाचे आकडे) दाखवतो का? नुसता कोड वाचणारा आणि पुसणारा कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका.

गाडीचं वर्ष बघून गृहीत धरू नका

अमेरिकेत १९९६ पासूनच्या गाड्यांना ओबीडी-२, म्हणजे कुठल्याही स्कॅनरला कोड वाचता येतील अशी ठरावीक पद्धत, सक्तीचं आहे. तिकडचे व्हिडिओ बघून आपल्या जुन्या गाडीलाही ते असेलच असं वाटतं. भारतात बीएस-४ (गाड्यांच्या प्रदूषणाचं मानक) आधी २०१० मध्ये पुण्या-मुंबईसारख्या मोजक्या शहरांत आलं. बीएस-४ गाड्यांना ओबीडी-२ एप्रिल २०१३ पासून लागू झालं आणि बीएस-४ देशभर व्हायला २०१७ उजाडलं. त्यामुळं कोल्हापूरची, एमएच-०९ नंबरची २०१४ ची गाडी आहे म्हणजे स्कॅनर चालणारच, असं नाही. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट दिसलं तरी आतली भाषा कंपनीची स्वतःची असू शकते. सगळ्यात सोपं म्हणजे विकत घेण्याआधी कुणा मित्राचा स्कॅनर पाच मिनिटं लावून बघा.

ब्लूटूथच्या डब्या सगळ्या सारख्या नसतात

सॉकेटला लावून फोनशी जोडायच्या, पाचशे-सातशे रुपयांना मिळणाऱ्या बहुतेक डब्यांवर 'ईएलएम३२७' लिहिलेलं असतं. ही मुळात कॅनडातल्या एल्म इलेक्ट्रॉनिक्सची चिप, पण बाजारात बहुतेक नकला आहेत. 'व्हर्जन १.५' असं छापलेलं असतं, पण त्या कंपनीनं १.५ कधी काढलंच नव्हतं. तरी नक्कल म्हणजे टाकाऊच असं नाही, कित्येक बऱ्यापैकी चालतात. अडचण जुन्या गाड्यांत येते, कारण त्या सात नंबरच्या पिनवरच्या के-लाईन या जुन्या पद्धतीनं बोलतात आणि काही नकलांना ती नीट जमत नाही. नव्या गाड्या सहा आणि चौदा नंबरच्या पिनांवरून कॅन या नव्या पद्धतीनं बोलतात, तिथं सहसा त्रास होत नाही.

आयफोन असेल तर साधं ब्लूटूथ अडॅप्टर घेऊ नका, ते जोडलंच जात नाही. वाय-फायचं किंवा ब्लूटूथ लो एनर्जीचं घ्या.

एबीएस आणि एअरबॅगची अपेक्षा ठेवू नका

प्रमाणित ओबीडी-२ मध्ये मुख्यतः इंजिन आणि प्रदूषणाशी संबंधित गोष्टीच येतात. एबीएस, एअरबॅग, बीएस-६ डिझेलमधल्या डीपीएफची (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची) साफसफाई, इंजेक्टरचं कोडिंग, यासाठी त्या कंपनीची भाषा बोलणारा सॉफ्टवेअर लागतो. फोर्डनं २०२१ मध्ये इथलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं, तेव्हापासून फोर्डवाल्यांना मी फोरस्कॅन हे सॉफ्टवेअर सुचवतो. त्यासाठी दोन्ही कॅन लाईन वाचणारं अडॅप्टर घ्या. फोक्सवॅगन-स्कोडासाठी व्हीसीडीएस आहे. पण वर्षातून एकदाच लागणार असेल, तर मोठ्या स्कॅनरवर हजारो रुपये घालण्यापेक्षा चांगल्या गॅरेजमध्ये एकदा स्कॅन करून घेणं परवडतं.

कोड पुसायची घाई करू नका

कोड पुसला की फ्रीझ फ्रेमही पुसली जाते. दोष आला त्या क्षणी वेग किती होता, कूलंट किती तापलं होतं, इंजिनवर ताण किती होता, हे सगळं तिच्यात असतं. बॅटरीची वायर काढली तरी बऱ्याचदा तेच होतं. आधी मोबाईलनं स्क्रीनचा फोटो काढा, मगच पुसा.

जुनी गाडी घेताना हीच गोष्ट उपयोगी पडते. विकणाऱ्यानं सकाळीच कोड पुसला असेल, तर 'रेडिनेस मॉनिटर', म्हणजे गाडी स्वतःच करते त्या तपासण्या, अपूर्ण दिसतात. बऱ्याच गाड्यांत कोड पुसल्यापासून किती किलोमीटर झाले तेही वाचता येतं. तिथं आठ-दहा किलोमीटर दिसले, तर शांतपणे विचारा, काय पुसलंय म्हणून.

स्कॅनर जोडलाच जात नसेल तर

चावी 'ऑन'वर हवी, ॲक्सेसरीवर नको. ब्लूटूथचा पिन बहुधा १२३४ किंवा ०००० असतो. अँड्रॉइड ११ पर्यंत ॲपला लोकेशनची परवानगी लागते, १२ पासून 'निअरबाय डिव्हायसेस'ची. वाय-फाय अडॅप्टर असेल तर मोबाईल डेटा बंद करून बघा. डबीचा दिवाच पेटत नसेल तर फ्यूज बघा. कितीतरी गाड्यांत ओबीडी सॉकेट आणि सिगारेट लायटर एकाच फ्यूजवर असतात, आणि लायटरमध्ये खराब चार्जर घातल्यानं तो उडालेला असतो. काम झालं की डबी काढून ठेवा. सोळा नंबरच्या पिनला करंट कायम असतो, गाडी बरेच दिवस उभी राहिली तर बॅटरी उतरू शकते.

पुरातल्या गाडीला आधी स्कॅनर लावू नका

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी वस्तीत शिरलं. अशा गाड्यांना स्कॅनर लावायचा म्हणजे चावी फिरवावी लागते, आणि ओल्या कनेक्टरमधून करंट गेला की पिना गंजायला लागतात. आधी बॅटरी काढा. एअर फिल्टर, इंजिन ऑइल आणि गिअर ऑइलमध्ये पाणी आहे का बघा. ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी गेलंय. कनेक्टर एकेक करून सोडवा, वाळवा, इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. आठवड्यानं स्कॅनर लावलात आणि 'यू'नं सुरू होणारे सात-आठ कोड एकदम आले, तर सगळे कंट्रोल युनिट गेले असं धरू नका. हे कोड युनिटांमधलं बोलणं तुटल्याचे असतात, आणि बऱ्याचदा मूळ कारण गंजलेलं अर्थिंग (गाडीच्या बॉडीला जोडलेली निगेटिव्ह वायर) किंवा एखादा हिरवट पडलेला कनेक्टर निघतो. ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट उचलून तिथं अर्थिंगचा पॉइंट असेल तर त्यापासून सुरुवात करा.