कोंबी घेतली, आता सामान कसे भरावे?

जर्मनीत आलेले आपल्याकडचे कुटुंब दोन-तीन वर्षांत गाडी घेण्याचा विचार करू लागते, आणि घरात लहान मूल असेल तर निवड बहुधा ‘कोंबी’वर, म्हणजे शेवटपर्यंत सरळ छप्पर आणि मागे ऐसपैस डिकी असलेल्या गाडीवर येऊन थांबते. ‘कोंबिनात्सिओन्सक्राफ्टवागन’ या लांबलचक जर्मन शब्दाचे हे आटोपशीर रूप आहे. मराठी कानाला त्यात ‘कोंबणे’ ऐकू येते, आणि पहिल्या वर्षी मीही या गाडीचा तसाच अर्थ लावला होता.

माहितीपत्रकात डिकीचे माप लिटरमध्ये दिलेले असते. सध्याच्या स्कोडा ऑक्टाव्हिया कोंबीचे उदाहरण घेतले तर ते ६४० लिटर, आणि मागची सीट पाडल्यावर १,७०० लिटर भरते. हे आकडे २० बाय १० बाय ५ सेंटिमीटरचे, म्हणजे बरोबर एका लिटरचे ठोकळे रचून काढलेले असतात. असे ठोकळे कोनाकोपऱ्यांत सहज बसतात, पण आपली विमानप्रवासाची पेटी किंवा बाबागाडी तशी बसत नाही. म्हणून गाडी पाहायला जाताना मोजपट्टी आणि घरची बाबागाडी बरोबर न्यावी, आणि चाकांच्या वरच्या फुगवट्यांमधली रुंदी, डिकीच्या तोंडाची उंची आणि तळ सपाट आहे की उंबरठ्यासारखी कड आहे, हे स्वतः तपासावे. विक्रेत्याला यात काही वावगे वाटत नाही.

खरी परीक्षा आई-वडिलांना विमानतळावरून आणताना होते, कारण २३ किलोच्या चार पेट्या, हातातल्या पिशव्या आणि बाळाची खुर्ची हे सारे एकाच वेळी बसवायचे असते. पेट्या एकमेकींवर आडव्या टाकण्यापेक्षा लांब कडेवर उभ्या करून, सीटच्या पाठीला समांतर अशा एकीमागे एक लावाव्यात. साधारण ३० सेंटिमीटर जाडीच्या तीन पेट्यांना सुमारे ९० सेंटिमीटर खोली लागते आणि बाजूच्या फटीत पिशव्या जातात. चौथी पेटी मात्र डिकीचे आच्छादन काढल्याशिवाय बसत नाही. ती वर ठेवायची असेल तर प्रवासी आणि डिकी यांच्यामधली उभी जाळी लावल्याखेरीज निघू नये. ही जाळी बहुतेक कोंबींना बसवता येते, पण जुनी गाडी घेताना ती हरवलेली असण्याची शक्यता असते, तेव्हा व्यवहारापूर्वीच मागून घ्यावी.

जागेपेक्षा वजनाचा हिशेब अधिक महत्त्वाचा आहे आणि आपल्याकडे तोच कोणी करत नाही. नोंदणीपत्राच्या पहिल्या भागात ‘एफ-२’ या रकान्यात भरलेल्या गाडीचे कमाल वजन आणि ‘जी’ या रकान्यात ७५ किलोच्या चालकासह गाडीचे स्वतःचे वजन लिहिलेले असते. या दोहोंतल्या फरकातच इतर माणसे आणि सामान बसवायचे असते. हा फरक ४५० किलो धरला, तर तीन मोठी माणसे, खुर्चीसह एक मूल आणि चार पेट्या मिळून सव्वातीनशे किलो सहज होतात. त्यात परतताना भारतीय दुकानातून तांदूळ आणि कणकेची पोती घेण्याचा मोह झाला, की मर्यादा जवळ येते. ती वीस टक्क्यांहून अधिक ओलांडल्यास ९५ युरो दंड आणि फ्लेन्सबुर्गच्या, म्हणजे वाहतुकीचे नियम मोडणाऱ्यांच्या केंद्रीय, नोंदवहीत एक दंडगुण जमा होतो. गाडी पूर्ण भरलेली असताना टायरमध्ये जास्त हवा लागते. तिचे आकडे दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत चिकटवलेले असतात. मागची बाजू दबल्यामुळे पुढचे दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जातात, त्यामुळे ज्या गाडीत दिव्यांची चकती हाताने फिरवायची असते तिथे ती फिरवून झोत खाली आणावा.

जड वस्तू तळाशी आणि सीटच्या पाठीला घट्ट टेकवून ठेवाव्यात, हलक्या वस्तू वर आणि मागे ठेवाव्यात. डिकीच्या तळाशी असलेल्या कड्या पट्टे बांधण्यासाठीच दिलेल्या असतात. ताशी ५० किलोमीटर वेगाने टक्कर झाल्यास सुट्या वस्तूचा मार तिच्या वजनाच्या कित्येक पटींनी बसतो, त्यामुळे पाण्याच्या बाटल्यांचा पंधरा-सोळा किलोचा क्रेट नुसता सरकवून ठेवणे धोक्याचे आहे. आमच्या बाबतीत क्रेट नव्हे, तर आईने दिलेली लिंबाच्या लोणच्याची बरणी सुटली. आउटोबानवर जोराचा ब्रेक लागला आणि त्या उन्हाळ्यात आमच्या गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला मसाल्याचे प्रमाण कळले.

रविवारी दुकाने बंद असल्यामुळे शनिवारची खरेदी मोठी असते. त्यासाठी घडी घालता येणारे दोन-तीन प्लॅस्टिकचे क्रेट, म्हणजेच ‘क्लापबॉक्स’, डिकीत कायम ठेवावेत. पिशव्या कलंडतात, हे क्रेट कलंडत नाहीत. परत करायच्या रिकाम्या बाटल्यांसाठी त्यातला एक राखून ठेवावा. धोक्याचा त्रिकोण, प्रथमोपचाराची पेटी आणि चमकते जाकीट गाडीत असणे बंधनकारक आहे, परंतु त्रिकोण सामानाच्या तळाशी गाडला गेला तर त्याचा उपयोग नाही, आणि जाकीट डिकीत न ठेवता चालकाच्या दाराच्या कप्प्यात ठेवावे.

छतावरची पेटी शक्यतो उसनी किंवा भाड्याने घ्यावी. छताची मर्यादा पुष्कळ गाड्यांत ७५ किलो असते, आणि त्यातून दांड्या व पेटीचे स्वतःचे वजन गेल्यावर जाकिटे, पांघरुणे अशा हलक्या सामानापुरतीच ती उरते. तळघरातल्या वाहनतळाची उंची अनेक ठिकाणी जेमतेम दोन मीटर असते, हेही विसरू नये.

राहिला गणपतीचा प्रश्न. मूर्ती डिकीत ठेवू नये, सीटवर मांडीतही घेऊ नये. पुढची सीट मागे सरकवून, तिच्या मागच्या पाय ठेवायच्या जागेत, पांघरुणात गुंडाळलेल्या खोक्यात ती घट्ट बसते आणि वळणावर हलत नाही.