जुन्याच कोॲक्स केबलवर आयपी कॅमेरे कसे चालवावेत

सोसायटीतले जुने ॲनालॉग कॅमेरे बदलून आयपी, म्हणजे नेटवर्कवर चालणारे, कॅमेरे लावायचे ठरले की पहिला प्रश्न केबलचा येतो. डक्टमधून, स्लॅबखालून, कंड्युटमधून गेलेली काळी कोॲक्स केबल (मधे एक तार, भोवती जाळी) उपसून तिथे कॅट-६ लॅन केबल ओढायची म्हणजे भिंती फोडणं आलं. शिवाय लॅन केबलची मर्यादा १०० मीटर. मागच्या गेटचा कॅमेरा बहुधा त्यापलीकडेच असतो. अशा वेळी इथरनेट-ओव्हर-कोॲक्स कन्व्हर्टरची जोडी उपयोगी पडते. एकाच केबलमधून डेटाही जातो आणि कॅमेऱ्याची वीजही.

मात्र खरेदीआधी केबल तपासा. पैसे वाया जातात ते इथेच.

आधी दोन्ही टोकं मोकळी करा: डीव्हीआर (रेकॉर्डिंगचा डबा), कॅमेरा, बलून (केबलच्या टोकाचा छोटा व्हिडिओ ॲडॉप्टर), मधला ॲम्प्लिफायर किंवा स्प्लिटर, सगळं काढा. मल्टीमीटर ओहमवर ठेवून मधली तार आणि जाळी यांच्यात मोजा. आकडा दिसला, तर आत कुठेतरी शॉर्ट आहे किंवा पाणी शिरलंय. काही दिसलं नाही, तर लांबच्या टोकाला मधली तार जाळीला जोडा आणि अलीकडून पुन्हा मोजा. आता येईल तो लूप रेझिस्टन्स, म्हणजे जाण्या-येण्याच्या वाटेचा एकूण विरोध. अस्सल तांब्याच्या आरजी-५९ केबलला १०० मीटरला साधारण ५ ओहम येतात. स्वस्त केबलमध्ये आतली तार तांब्याचा मुलामा दिलेल्या स्टीलची असते, तिथे हाच आकडा तिप्पट-चौपट होतो. शंका आली तर सोललेल्या तारेला लोहचुंबक लावा. चिकटली की ओळखा.

या आकड्याला महत्त्व का? समजा, लूप ३० ओहमचा आहे आणि कॅमेरा व कन्व्हर्टर मिळून १० वॅट खातात. ५२ व्होल्ट दिले तर सुमारे ०.२२ अँपिअर वाहतात, वाटेत साडेसहा व्होल्ट गळतात आणि पलीकडे ४५ पोहोचतात. काम भागतं. त्याच तारेत जुन्या एसएमपीएसचे (कॅमेऱ्यांना वीज देणाऱ्या डब्याचे) १२ व्होल्ट सोडले, तर पलीकडे सव्वा वॅटही मिळणार नाही, मग कॅमेरा कितीही चांगला असो.

आता जोडणी. जुने स्क्रूवाले बीएनसी (केबलच्या टोकाचे कनेक्टर) कापून टाका आणि नवे क्रिंप करा, म्हणजे पकडीने दाबून बसवा. जाळीचा एक केस जरी मधल्या तारेला टेकला, तरी सगळी मेहनत पाण्यात. डीव्हीआरच्या खोलीत कन्व्हर्टरच्या जोडीतलं मुख्य युनिट, कॅमेऱ्याजवळ दुसरं. मुख्य युनिटला पीओई (लॅन केबलमधूनच वीज देणारा) स्विच किंवा सोबतचा ४८-५२ व्होल्टचा ॲडॉप्टर द्या आणि दुसऱ्या युनिटमधून छोट्या लॅन तुकड्याने कॅमेरा जोडा. ८०२.३एएफ जातीचा पीओई पोर्ट १५.४ वॅट देतो. त्यातून कन्व्हर्टरची भूक वजा करा, केबलमधली गळतीही वजा करा. रात्रीचे इन्फ्रारेड दिवे आणि फिरणारी मोटर असलेल्या कॅमेऱ्याला हे पुरत नाही, तिथे ८०२.३एटी, म्हणजे ३० वॅटचा पोर्ट घ्या आणि कन्व्हर्टरही तेवढ्या ताकदीचा हवा.

एक गोष्ट विसरू नका: वीज देण्याआधी ती केबल डीव्हीआरमधून काढलीच पाहिजे. ४८ व्होल्ट व्हिडिओ इनपुटमध्ये गेले तर पोर्ट जळू शकतो. त्यामुळे दोन्ही टोकांना चिठ्ठ्या लावा, नाहीतर उद्या येणारा वायरमन जुन्या सवयीने बीएनसी परत डीव्हीआरमध्ये खोचेल.

लिंकचा दिवा लागला की लॅपटॉपवरून कॅमेऱ्याला पिंग करत (तो नेटवर्कवर उत्तर देतो का ते तपासत) राहा आणि अंधार पडल्यावर पुन्हा पाहा. दिवसा नीट चालणारा कॅमेरा संध्याकाळी दर पाच मिनिटांनी रीस्टार्ट होत असेल, तर दिवे पेटताच वीज कमी पडते आहे असं समजा. डेटाची चिंता त्या मानाने कमी. एच.२६५ (व्हिडिओ दाबून लहान करण्याची पद्धत) वर चार मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याला चारेक एमबीपीएस पुरतात.

कॅमेऱ्याकडचं युनिट पीव्हीसी बॉक्समध्ये बसवा आणि केबल खालून आत घ्या, म्हणजे पावसाचं पाणी तारेवरून ओघळत आत जाणार नाही. गच्चीवरच्या किंवा कंपाउंडच्या टोकाच्या लाइनवर सर्ज प्रोटेक्टर (व्होल्टेजच्या झटक्यापासून वाचवणारा) बसवून त्याला नीट अर्थिंग द्या.

जुना डीव्हीआर हायब्रिड, म्हणजे ॲनालॉग आणि आयपी दोन्ही कॅमेरे घेणारा, नसेल, तर एनव्हीआरचा (आयपी कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरचा) खर्चही अंदाजपत्रकात धरा. कमिटीच्या बैठकीत हा आकडा नेहमी शेवटी निघतो.