पावसाळ्यात क्युप्रस क्लोराईड करायचं झालं तर

निपाणी-खानापूरकडच्या मराठी शाळांतून पीयूसी (कर्नाटकातली अकरावी-बारावी) करून बेळगावात बी.एस्सी.ला आलेल्यांसाठी हे लिहितोय. प्रिपरेशनच्या (प्रयोगशाळेत संयुग बनवायच्या) यादीत क्युप्रस क्लोराईड, म्हणजे +1 कॉपरचं क्लोराईड, दिसलं की पोरं नाक मुरडतात. पांढरी पूड म्हणून हातात आलेला माल जर्नल लिहून होईपर्यंत हिरवट पडतो, आणि आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टच्या हवेबद्दल तर बोलायलाच नको.

कृती साधी आहे. हिरवट-निळे क्युप्रिक क्लोराईडचे (यात कॉपर +2) स्फटिक 5 ग्रॅम घेऊन संहत हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवायचे, तांब्याचे बारीक तुकडे टाकायचे आणि फ्यूम हूडमध्ये (धूर-वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात) मंद उकळत ठेवायचं. हिशेबाने तांबं 1.86 ग्रॅम लागतं, पण थोडं जास्तच घाला, उरलेलं गाळून काढता येतं. द्रावण आधी गडद तपकिरी, जवळजवळ काळंच होतं. घाईवाले इथे फसतात. तो रंग उडून द्रावण फिकं पडेपर्यंत थांबायचं. +2 चं कॉपर +1 वर आल्याची तीच खूण. मग ते भरपूर पाण्यात ओता. पाणी आधी उकळून गार केलेलं हवं, म्हणजे त्यात ऑक्सिजन उरत नाही. आम्लात जादा क्लोराईडने धरून ठेवलेलं कॉपर पातळ झाल्यावर सुटतं आणि पांढराशुभ्र साका तळाला बसतो.

खरी कसरत पंपावर गाळताना. साक्यातून हवा ओढली गेली की हिरवी झाक आलीच, म्हणून तो उघडा पडू देऊ नका. सल्फर डायऑक्साईड विरघळवलेल्या पाण्याने धुवा, मग अल्कोहोलने, आणि लगेच डेसिकेटरमध्ये (माल कोरडा ठेवणाऱ्या बंद भांड्यात). त्यातलं सिलिका जेल निळं आहे ना, ते आधी बघा. गुलाबी झालं असेल तर ओव्हनमध्ये तापवून घ्या. (हा निळा-गुलाबी खेळ कोबाल्ट क्लोराईडचा, व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, विचारण्यासारखा.)

व्हायवात हमखास येतं: कॉपरचं संयुग असून पांढरं का? +1 मध्ये डी कक्षकांत दहाच्या दहा इलेक्ट्रॉन, मग डी-डी संक्रमणाला, म्हणजे रंग देणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या उडीला, जागाच नाही. सगळे इलेक्ट्रॉन जोडीत, म्हणूनच ते प्रतिचुंबकीयही (चुंबकाकडे ओढलं न जाणारं). थोडी पूड अमोनियात टाकून हलवून बघा, हवा लागेल तसा निळा रंग चढतो.

उत्पादन जास्तीत जास्त 5.8 ग्रॅम. काट्यावर त्याहून जास्त आलं तर खूश होऊ नका, माल ओला आहे.