हळद, नथ आणि होमाचा धूर: नवरीच्या मेकअपची तयारी

यादी सुरू होते ती पत्रिकेतल्या मुहूर्तापासून, आणि मोजायचं मागे. समजा, मुहूर्त दुपारी १२ वाजून ५ मिनिटांचा आहे. गौरीहराशी नवरी तासभर आधी बसते, म्हणजे ११ ला ती पूर्ण तयार हवी. दागिने आणि मुंडावळ्यांना २० मिनिटं, साडीला अर्धा तास (नऊवारी असेल तर पाऊण), केसांना पाऊण तास आणि चेहऱ्याला सव्वा तास. आंघोळ-नाश्ता उरकून ती आठच्या आत खुर्चीत बसली तरच हे जमतं. मामाकडची पिवळी साडी बदलून नंतर शालू नेसायचा असेल, तर दोन्ही ब्लाउज पुढून हुकांचे शिवून घ्या. डोक्यावरून काढायचा ब्लाउज केस आणि चेहरा दोन्ही बिघडवतो.

ट्रायल तीन-चार आठवडे आधी, दिवसाउजेडी घ्या. शालूचं ब्लाउजपीस आणि नथ सोबत न्या. फाउंडेशनची शेड मनगटावर पाहू नका. जबड्याच्या कडेला लावा, मानेशी जुळते का बघा आणि २० मिनिटं थांबा, कारण बरीच फाउंडेशनं लावल्यावर थोडी काळवंडतात. मग फ्लॅश मारून एक फोटो काढा. चेहरा पांढुरका आणि मान सावळी दिसली, तर सनस्क्रीनमधलं झिंक किंवा टायटॅनियम, नाहीतर वरून मारलेली जास्तीची पावडर प्रकाश परत फेकते आहे. तो मेकअप चार-पाच तास तसाच ठेवून जेवूनही बघा. ॲलर्जीची चाचणी याच्या दोन दिवस आधी कानामागे करून घ्या, नकली पापण्यांच्या गोंदाचीसुद्धा. मेंदीवाल्याकडे ‘काळी मेंदी’ असेल तर नकोच म्हणा. तिच्यात केसांच्या डायमधलं रसायन असू शकतं आणि हातावर फोड येतात.

शेवटच्या दोन आठवड्यांत नवीन फेशियल, नवीन क्रीम काहीही नको. आयब्रो आणि वॅक्सिंग तीन दिवस आधी, म्हणजे हळद लागेपर्यंत त्वचा शांत होते.

हळदीकडे मेकअपच्या नजरेनं फारसं कुणी बघत नाही, आणि घोटाळा तिथंच होतो. हळदीचा रंग पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून हळद लागण्याआधी चेहऱ्याला आणि मानेला खोबरेल तेलाचा पातळ हात द्या, आणि सवाष्णींना सांगून ठेवा की गालांना नुसतं बोट लावा, लेप हातापायांना. नंतर पुन्हा तेल चोळून कापसानं पुसा आणि मग फेसवॉश. उटण्यानं खसाखसा घासलं तर त्वचा सोलवटते आणि सकाळी फाउंडेशन तिथं खवल्यांसारखं उठून दिसतं. एवढं करूनही थोडा पिवळेपणा उरतोच. त्यामुळे ट्रायलला ठरलेली शेड लग्नाच्या सकाळी पुन्हा लावून बघायची, आणि मेकअपवालीला तिच्या जवळपासच्या दोन शेड सोबत आणायला सांगायचं. फाउंडेशन मान, कान आणि ब्लाउजच्या गळ्यातून दिसणाऱ्या पाठीपर्यंत न्या.

दाबाची नथ घसरते ती नाकपुडीवरच्या क्रीममुळे. त्या नाकपुडीवर फाउंडेशन अगदी पुसट ठेवा, पावडरनं कोरडं करा, आणि जिथं दाब बसतो तेवढी जागा कापसाच्या काडीनं स्वच्छ करा. लिपस्टिक आधी, नथ नंतर. उलट केलं तर ब्रश मोत्यांना लागतो. नथ जड असेल तर तिचा भार साखळीनं कानावरच्या केसांत पिनेवर घ्या. आठवडाभर आधीपासून रोज तासभर घालून बसा, म्हणजे ऐनवेळी डोळ्यांतून पाणी येणार नाही.

कपाळावर मेकअपचा थर पातळच हवा. दिवसभर तिथं हळदकुंकू लागणार, मुंडावळ्या घासणार आणि घाम येणार. चंद्रकोर टिकली पावडरवर टिकत नाही, म्हणून तेवढी जागा आधी पुसून घ्या. कुंकवाची पिंजर नाकावर सांडली तर कोरड्या ब्रशनं झटका. ओल्या रुमालानं पुसली की लाल पट्टा उमटतो. अक्षता आदल्या दिवशी रंगवून पूर्ण वाळवा, कारण ओलसर अक्षतांचे डाग गालावर आणि शालूवर दोन्हीकडे पडतात.

लाजाहोमाच्या धुरात डोळे पाणावतातच. मस्कारा आणि लायनर वॉटरप्रूफ हवेत, आणि पापणीच्या आतल्या कडेला काजळ नको. नकली पापण्यांना गोंद लावून अर्धा मिनिट थांबा, चिकटसर झाला की बसवा. नाकाकडचा कोपरा सगळ्यात आधी सुटतो, तिथं थोडा जास्त लावा. लेन्स वापरत असाल तर मेकअपच्या आधी घाला. पाणी आलं तर टिश्यूचं टोक नुसतं टेकवायचं, पुसायचं नाही. पाठवणीला रडू येणार हे गृहीत धरून एअरब्रशचा (मशीननं फवारून करायच्या मेकअपचा) विचार जपून करा: अश्रूंचे ओघळ उठले की तो मेकअप जागच्या जागी सावरणं अवघड असतं. शिवाय मशीनला वीज लागते, तेव्हा कार्यालयात इन्व्हर्टरवरचा प्लग कुठला ते आधी विचारा. वधूपक्षाची खोलीही तेव्हाच बघून घ्या. खिडकीजवळ खुर्ची, टेबल, एक्स्टेंशन बोर्ड, आणि पंखा बाजूनं.

केस आदल्या दिवशी धुवा. ताज्या धुतलेल्या केसांत पिना धरत नाहीत, अंबाडा सैल पडतो. गजरे कळ्यांचेच आणि केळीच्या पानात गुंडाळून आणा, फुललेला मोगरा दुपारपर्यंत लालसर पडतो.

करवलीच्या पिशवीत तेलटिपणी कागद, कॉम्पॅक्ट, लावलेलीच लिपस्टिक, कापसाच्या काड्या, पापण्यांचा गोंद, टिकलीचं अख्खं पाकीट, सेफ्टी पिना, आकडे आणि पाणी प्यायला स्ट्रॉ. लिपस्टिक पुन्हा लावायची ती पंगतीत घास भरवून झाल्यावर. नवरदेवानं दाढी आदल्या संध्याकाळी करावी आणि कपाळाला थोडी पावडर लावावी, तेवढं पुरे.

रात्री उतरवताना आधी पापण्या, मग केसांतल्या पिना. किती लावल्या तो आकडा सकाळीच करवलीनं लिहून ठेवावा, कारण अंबाड्याच्या गंगावनात एखादी हमखास राहते. चेहऱ्याला तेल, मग फेसवॉश, मग झोप.